टिटवी एक नव्हे, दोन!

मे महिना उजाडला आणि वळवाची एखादी सर पडून गेली, की हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी जा, पारावर एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, यंदा टिटवीनं अंडी उंचावर घातलीत म्हणतात. पाऊस चांगला म्हणायचा का?" दुसरा लगेच सांगतो, "आमच्या शिवारात तर खाली ओढ्यात घातली. काही खरं नाही." तिसऱ्याने अंडी मोजलेली असतात. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, तीन म्हणजे तीनच. शेतकी खात्याचा माणूस समोर दिसला की या वादाचा निवाडा त्याच्याकडे येतो.

वाचकहो, निवाडा पुढे करूच. पण त्याआधी मी एक उलट प्रश्न विचारतो. अंडी कोणत्या टिटवीची? कारण आपल्या शिवारात टिटवी एक नाही, दोन आहेत. एकीच्या डोळ्यापुढे लाल कातडी, दुसरीच्या पिवळी. एक पाण्याच्या काठची, दुसरी कोरड्या माळाची. आपण दोघींनाही टिटवीच म्हणतो आणि एकीचे लक्षण दुसरीला लावतो. अर्ध्याहून अधिक वाद तिथेच आहे.

दोघींची ओळख करून घ्यायची तर त्यांच्या घरी गेले पाहिजे, आणि एका सकाळीत दोघींची घरे पाहायला औंढ्याकडचा भाग फार सोयीचा. हिंगोलीहून औंढा नागनाथचा रस्ता धरावा. देवळाचा कोरीव हेमाडपंती पाया डोळे भरून पाहावा, नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले ती जागा मुलांना दाखवावी आणि ऊन चढण्याच्या आत सिद्धेश्वर धरणाकडे निघावे. पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ सालचे. वर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि खाली हे सिद्धेश्वर, अशी ती जोडी आहे. वसमतकडची ऊस-हळद ज्या कालव्याच्या पाण्यावर उभी आहे, ते पाणी इथूनच सुटते.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे हटते आणि काठाची गाळाची जमीन उघडी पडते. कुठे गाळपेर झालेली असते, कुठे काकडी-टरबुजाचे वेल असतात, बाकी भेगाळलेला गाळ आणि कडेला खडे. इथे शंभर पावलेही चालला नसाल तोच डोक्यावर ओरडा सुरू होतो. टिटीव-टिव, टिटीव-टिव! एक ओरडते, दुसरी तिला साथ देते, दोघी तुमच्याभोवती घिरट्या घालतात आणि धरणावरच्या प्रत्येक जिवाला कळते की माणूस आला. इंग्रजांना म्हणे या ओरडण्यात 'डिड यू डू इट' असा सवाल ऐकू येत असे. ज्याच्या मनात जे असेल ते त्याला ऐकू यावे, दुसरे काय!

ही पहिली टिटवी, लाल गालाची. पुस्तकात तिला ताम्रमुखी टिटवी असेही म्हटलेले आढळेल. आकार तित्तिरापेक्षा थोडा मोठा वाटतो तो लांब पायांमुळे. चोचीपासून शेपटीपर्यंत एक फुटाहून थोडी अधिक. डोके, गळा आणि छाती काळीभोर, जणू काळा रुमाल बांधला आहे. डोळ्यामागून पांढरा पट्टा निघतो तो मानेच्या कडेने खाली पांढऱ्या पोटाला जाऊन मिळतो. पाठ तांबूस तपकिरी, उन्हात तिच्यावर काशासारखी झाक येते. चोच लाल, फक्त टोक काळे. डोळ्यापुढे लाल मांसल कातडी. पाय लांब आणि पिवळे. एवढे सगळे पाहायला दुर्बीण लागत नाही. हा पक्षी अंग चोरणारा नाही, तो स्वतःच तुमच्या अंगावर येतो.

कयाधूच्या पात्रात, ईसापूर धरणाच्या काठी, गावतळ्यावर, पाझर तलावावर, कालव्याच्या कडेला, ओलिताच्या हळदीत, भुईमुगात, जिथे म्हणून ओल आहे तिथे ही सापडेल. भुंगेरे, अळ्या, मुंग्या, गोगलगायी, किडे हे हिचे खाद्य. चार पावले तुरुतुरु पळायचे, थांबायचे, वाकून टिपायचे, पुन्हा पळायचे. वखर चालू असेल तर मागच्या उलथलेल्या मातीत बगळ्यांबरोबर हीही दिसते. आणखी एक म्हणजे हिचे काम रात्रीही चालते, विशेषतः चांदण्या रात्री. बिचारीची बदनामी झाली आहे ती यातूनच.

रात्री टिटवी ओरडली की गावात कोणीतरी जाणार, असे आपल्याकडे म्हणतात. आजारी माणूस घरात असला म्हणजे त्या आवाजाने घरच्यांच्या काळजात धस्स होते, हे मी पाहिले आहे. आता विचार करा. टिटवी रात्रभर जागी असते, रात्रभर चरते, आणि कोल्हा, कुत्रा, रानमांजर, साप किंवा माणूस जवळ आला की ओरडते. हे ती वर्षाच्या कोणत्याही रात्री करते. तीनशे पासष्ट रात्री गावाजवळ ओरडणाऱ्या पक्ष्याच्या एखाद्या ओरडण्याच्या जवळपास गावात मृत्यू होणारच. ज्या रात्री कोणी गेले नाही, त्या रात्रीचे ओरडणे कोणी लक्षात ठेवत नाही. उलट ज्यांच्या गावी कृषिपंपाची वीज रात्रपाळीने येते आणि अंधारात गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला जावे लागते, त्यांनी हा ओरडा कान देऊन ऐकावा. समोरच्या वाफ्यात टिटवी एकाच जागी घोटाळत ओरडत असेल, तर तिथे काहीतरी आहे. बॅटरी मारून पाहावे, मग पाय टाकावा.

टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलेच तर पायांवर तोलून धरावे म्हणून, ही दुसरी गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. ती खरी नाही. ती इतर पक्ष्यांसारखीच बसून किंवा उभ्या उभ्या विसावते. मात्र ती झाडावर बसत नाही हे खरे. फांदी पकडायला लागणारे मागचे भक्कम बोट तिच्या पायाला नाही. तिचा जन्म, जेवण, विश्रांती आणि बाळंतपण सगळे जमिनीवर.

आता धरणाचा काठ सोडा आणि आसपासच्या माळावर चढा. माती बदलते. काळी सरते, मुरूम लागतो. कुसळी गवताचे वाळलेले ठोंब, कुठे तरवड, कुठे बोराटी, मध्ये मोकळी तांबूस जमीन. सेनगाव, औंढा आणि कळमनुरी तालुक्यांत असे माळ आहेत. वसमतच्या गाळाच्या काळ्या जमिनीत ते अगदी थोडे. उन्हाळ्यात अशा माळावर पाहण्यासारखे काही नाही असेच कोणालाही वाटेल. इथे डोक्यावर ओरडा होत नाही. तुम्ही चालत राहता आणि वीस-पंचवीस पावलांवर एक ढेकूळ अचानक पळू लागते.

ती दुसरी टिटवी, पिवळ्या गालाची. हिला माळटिटवी म्हणावे हे उत्तम. पहिलीपेक्षा ही चांगलीच लहान आणि सडपातळ. डोक्यावर काळी टोपी, टोपीच्या खाली पांढरी किनार. गळा आणि छाती काळी नाही, मातकट तपकिरी. तपकिरी छाती आणि पांढरे पोट यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ. चोचीच्या मुळापासून लोंबणारी पिवळीजर्द तिकोनी कातडी, हळदीच्या ओल्या कुड्यासारखी. पायही पिवळे. लाल टिटवीचे पायही पिवळेच असतात, म्हणून पायावरून ओळखू जाल तर फसाल. छाती पाहा. छाती काळी तर काठची, छाती मातकट तर माळाची. दूर असली, कातडीचा रंग दिसत नसला, तरी छाती दिसते.

आवाजातही फरक आहे. ही बोलते कमी, आणि बोलली तर बारीक, टोकदार 'टी-ईट' असे काहीतरी. पहिली भांडखोर शेजारीण, तर ही अबोल सूनबाई म्हणा. तिचे खाद्य भुंगेरे, वाळवी आणि कोरड्या जमिनीवरचे इतर किडे. तिला पाण्याच्या काठाची गरज पहिलीइतकी नाही, पण मोकळ्या, बुटक्या गवताच्या कोरड्या जमिनीची मात्र आहे. पाऊस सुरू होऊन गवत गुडघाभर वाढले की ती जागा बदलते. फार लांब परदेशी जात नाही, आपल्याच मुलखात पावसाच्या मानाने इकडून तिकडे सरकते.

मेंढपाळ या दोघींना नीट ओळखतात. माळावर दिवस काढणाऱ्या एका धनगर बाबांनी मला फरक एका वाक्यात सांगितला होता : "खालची आपल्याला हाकलते, वरची आपल्यापासून लपते." यापेक्षा चांगली ओळख मला कोणत्या पुस्तकात मिळाली नाही.

या दोघी ज्या कुळातल्या आहेत त्या कुळाचे बाकीचे बरेच पक्षी समुद्रकाठचे. कोकणच्या पुळणीवर हिवाळ्यात लाटेच्या मागे मागे पळणारे लहान चिखल्या पक्षी यांचेच भाऊबंद. ते उत्तरेच्या दूरदेशी अंडी घालतात आणि थंडीपुरते आपल्याकडे येतात. आपल्या टिटव्या मात्र बारा महिने इथल्या रहिवासी. एकीने गोड्या पाण्याचा काठ धरला आणि दुसरीने पाणीच सोडून माळ धरला. पण उघड्या जमिनीवर, आडोशाशिवाय अंडी घालण्याची कुळाची रीत दोघींनी सोडली नाही.

आणि आता येऊ अंड्यांकडे.

दोघींचे घरटे म्हणजे घरटे नव्हेच. जमिनीत छातीने घासून केलेला वाटीएवढा खळगा. कडेला चार खडे, कधी शेळीच्या लेंड्या, झाले. अंडी कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान, मातकट रंगावर काळपट ठिपके. दोन पावलांवर उभे राहिलात तरी दिसणार नाहीत. माझ्या बरोबरच्या माणसाने बोट दाखवूनही मला ती दिसायला मिनिटभर लागते. अंड्याचे एक टोक निमुळते असते आणि चारही अंड्यांची टोके आत, अशी ती मांडलेली असतात, त्यामुळे एवढासा पक्षी चारही अंडी अंगाखाली घेऊ शकतो.

चार! इथेच आपल्या पारावरच्या वादाची मेख आहे. लाल टिटवी असो वा माळटिटवी, साधारणपणे चारच अंडी घालते. यांच्या गोतावळ्यातले बहुतेक पक्षी चारच घालतात, मग ते कोकणच्या किनाऱ्यावर येणारे असोत नाहीतर युरोपातले. म्हणजे चार अंडी हा पावसाचा अंदाज नव्हे, तो त्या कुळाचा शिरस्ता. सुकाळातही चार आणि दुष्काळातही चार. १९७२ च्या दुष्काळाचे वर्ष आमच्या पिढीने लहानपणी पाहिले. त्या उन्हाळ्यात टिटव्यांनी अंडी कमी घातली होती, असे मी कोणा वडीलधाऱ्याकडून ऐकलेले नाही. मग कधी तीन का दिसतात? एक तर टिटवी चारही अंडी एकाच दिवशी घालत नाही, एकेक दिवस, कधी त्याहून जास्त मध्ये टाकत घालते. तुम्ही तिसऱ्या अंड्याच्या दिवशी पाहिलेत आणि गावात तीन महिन्यांचा पाऊस जाहीर झाला. परवा गेला असता तर चार मोजली असती. दुसरे म्हणजे एखादे अंडे मुंगसाने, कावळ्याने, कुत्र्याने नेलेले असते.

आता जागेचे पाहू. उंचावर घातली तर पाऊस भरपूर, खोलात घातली तर कमी. सिद्धेश्वरच्या काठावर मे महिन्यात लाल टिटवीचे घरटे कुठे असणार? आटलेल्या पाण्याच्या जवळच्या गाळात, नाहीतर बांधावर. पाणी मागे हटले की ती खाली सरकते. म्हणजे आदल्या पावसाळ्यात धरण भरले नाही आणि पाणी फार मागे गेले, तर घरटी खोलात दिसणार. ती गेल्या पावसाची गोष्ट सांगते आहे, येणाऱ्या नव्हे. आणि माळटिटवी? तिचे बिऱ्हाडच माळावर. ती मार्च ते मे या काळात, पावसाच्या आधी, दरवर्षी माळावरच अंडी घालणार. तिच्याकडे पाहून अंदाज बांधणाऱ्याला दरवर्षी अतिवृष्टीच दिसेल. एकाच गावातल्या दोघांनी एकाच दिवशी दोन उलट भाकिते करावीत, आणि दोघांनीही आपल्या डोळ्यांनी पाहिलेले सांगावे, हे कसे होते ते आता लक्षात आले ना? एक तळ्याकडून आला, दुसरा माळाकडून.

जुन्या माणसांना मी अडाणी म्हणत नाही. रेडिओ नव्हता, वेधशाळेचा अंदाज गावात पोहोचत नव्हता, तेव्हा वारा, ढग, मुंग्या, पक्षी यांच्याकडे बारकाईने पाहण्याची त्यांना सवय होती आणि ती सवय मोलाची. पण पाहणे वेगळे आणि त्यावर बियाण्याची पिशवी फोडणे वेगळे. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा मोठा. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे, मजुरी हे सगळे एका पेरणीला लागते. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरले आणि मग पंधरा दिवस उघडीप पडली की दुबार पेरणी. ज्याने उसनवारी करून पहिली पेरणी केली, त्याचे दुबार पेरणीने काय होते हे मी वेगळे सांगायला नको. म्हणून टिटवीची अंडी चार असोत की तीन, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला एवढा लक्षात ठेवा : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो मोबाईलवर येतो, तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारता येतो. तोही कधी चुकतो, हे मला मान्य आहे. पण तो पुढच्या चार-पाच दिवसांच्या ढगांविषयी बोलतो. टिटवी बोलते ती आपल्या पिलांविषयी.

आणि ते बोलणे ऐकण्यासारखे आहे. मेच्या उन्हात मुरमाला हात लावून पाहा, चटका बसतो. त्या तव्यावर ही अंडी चार आठवडे सांभाळायची. बाकीचे पक्षी अंडी उबवतात, उन्हाळ्यात टिटवीला ती निववावी लागतात! ऊन चढले की पक्षी अंड्यांवर नुसता उभा राहतो, पंख सैल सोडून सावली धरतो. तेवढ्याने भागले नाही तर नर-मादीपैकी एक पाण्यावर जातो, पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि तसाच ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसतो. थोड्या वेळाने पुन्हा पाण्यावर. हे दोन्ही टिटव्या करतात. लाल टिटवीला पाणी जवळ असते. माळटिटवीला मात्र माळावरून खालच्या ओढ्यापर्यंत, पाणवठ्यापर्यंत खेपा घालाव्या लागतात. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना या खेपांचे वेगळे वर्णन करून सांगायला नको. माळालगतचा एखादा पाणवठा उन्हाळ्यात ओला राहिला, गुरांच्या हौदाखाली थोडे पाणी साचत राहिले, तर त्याचा उपयोग कोणाकोणाला होतो ते यावरून दिसते.

अंडी जवळजवळ एकाच वेळी फुटतात. पिले जन्मतःच डोळे उघडून, अंगावर लव घेऊन येतात आणि अंग वाळले की चालू लागतात. त्यांना चोचीत घास भरवावा लागत नाही. आईबाप रखवाली करतात, खाणे पिले स्वतः टिपतात. आईने धोक्याचा आवाज दिला की पिलू जागच्या जागी जमिनीला चिकटते आणि मातीचा खडा होते. तुम्ही जवळ गेलात तर मोठा पक्षी पंख मोडल्याचे सोंग करून लंगडत दुसरीकडे पळतो, तुम्ही त्याच्या मागे जावे म्हणून. असे सोंग दिसले तर पुढे पाऊल टाकू नका. पायाशी पाहा आणि आल्या वाटेने मागे फिरा.

'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण आपण वापरतो. तिच्या मुळाशी पंचतंत्रातली गोष्ट आहे. समुद्राने टिटवीची अंडी ओढून नेली. एवढ्याशा पक्ष्याने समुद्राशी वैर धरले, गाऱ्हाणे गरुडापर्यंत आणि गरुडाकडून विष्णूपर्यंत नेले, आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली. मला या गोष्टीत मौज वाटते ती अशी की ज्याने कोणी ती रचली त्याने पक्षी नीट पाहिला होता. पाण्याच्या काठी, उघड्यावर, भरतीच्या टप्प्यात अंडी. सिद्धेश्वरच्या काठावर हे आजही घडते. एप्रिल-मेची पिले पाऊस धरण्याआधी चालती होतात. पण ज्या जोडीचे पहिले वेत कुत्र्याने मोडले आणि जिने जूनमध्ये दुसऱ्यांदा अंडी घातली, तिच्या घरट्यापर्यंत धरणाचे चढते पाणी पोहोचू शकते. तिथे गरुड येत नाही.

माळावरच्या टिटवीचा समुद्र म्हणजे नांगर. उन्हाळी नांगरट करा, हे मी स्वतः गावोगाव सांगतो आणि पुढेही सांगणार. खोल नांगरटीने किडींचे कोष आणि हुमणीसारख्या अळ्या उन्हात येतात, तणांची मुळे तापतात, पहिला पाऊस जमिनीत मुरतो. पण ही नांगरट मार्च ते मेमध्येच होते आणि टिटवीची अंडीही नेमकी तेव्हाच. बैलाच्या नांगरापुढे चालणाऱ्या माणसाला पक्षी उठलेला दिसत असे, दोन पावले बाजूने नांगर वळत असे. ट्रॅक्टरच्या आसनावरून तो दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात ओरडणे ऐकू येत नाही. लाल टिटवी यातूनही मार्ग काढते. तिने बांधावर, रेल्वेच्या खडीत, शहरात तर सपाट छपरांवरही अंडी घातल्याची उदाहरणे आहेत. ती माणसाच्या उचापतींना सरावली आहे. माळटिटवीला तसे जमत नाही. तिला माळच लागतो आणि आपण तोच कमी करत आणला. कुठे गायरान मोडून पेरले, कुठे मुरूम उपसून रस्त्यावर टाकला. पड जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन असे आपल्या कागदोपत्री ठरून गेले आहे. त्याच पडीक जमिनीवर शेळ्या-मेंढ्या जगतात, ससे-तित्तिर जगतात आणि ही टिटवीही.

परदेशातली एक हकिगत सांगतो. नेदरलँड्स हा दूधदुभत्याचा आणि गवताळ शेतांचा देश. तिथे टिटवीची तिसरी बहीण आहे, डोक्यावर तुरा असलेली. वसंत ऋतूत तिचे पहिले अंडे कोणाला सापडते याची फ्रीसलँड प्रांतात मोठी चढाओढ असे आणि ते अंडे मानाने प्रांताच्या प्रमुखाला नेऊन देत. आता अंडी उचलणे तिथे बंद झाले. पण शोधण्याची हौस लोकांनी सोडली नाही. स्वयंसेवक शेतात फिरून घरटी शोधतात, जवळ काठी रोवतात आणि शेतकरी तेवढी जागा सोडून ट्रॅक्टर वळवतो.

आपल्याकडेही अंडी उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांना सांगून ठेवावे. काठी मात्र आपल्याकडे रोवू नये, असे माझे मत. काठी दिसली की पोरे जातात, पोरांमागे कुत्री जातात, आणि काठीवर कावळा बसतो. त्याऐवजी नांगरटीच्या आदल्या संध्याकाळी शेतातून एक फेरी मारा. पक्षी कुठून उठतो, कुठे परत येऊन बसतो ते धुऱ्यावर बसून पाच-दहा मिनिटे पाहा. जागा कळली की धुऱ्यापासूनची पावले मोजून ठेवा आणि सकाळी ट्रॅक्टरवाल्याच्या पुढे उभे राहून तेवढे दोन तास सोडायला सांगा. सोडलेली जागा खाटेएवढी असली तरी पुरते. अंडी उचलून धुऱ्यावर नेऊन ठेवू नका. जागा बदलली की पक्षी पुन्हा त्यावर बसेल याचा भरवसा नाही. पुढे पिले निघून गेली की राहिलेला तुकडा वखराच्या पाळीत येतोच. ज्यांच्या गावी गायरान शिल्लक आहे, त्यांनी त्यावर काय करायचे हा विषय ग्रामसभेत निघेल तेव्हा माळटिटवीचेही नाव घ्यावे.

पाहायला जायचे असेल तर एप्रिलच्या शेवटच्या किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठच्या आत जा. आधी पाण्याचा काठ, मग माळ. मुलांना बरोबर न्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा चांगली असते. घरटे सापडले तर जवळ थांबू नका. तुम्ही उभे असाल तोवर पक्षी अंड्यांवर येणार नाही आणि त्या उन्हात अंडी फार वेळ उघडी राहिली तर आतला जीव भाजून जातो. पन्नास-साठ पावले मागे येऊन बाभळीच्या सावलीला बसा. पहिल्यांदा काही दिसणार नाही. मग एक ढेकूळ चालू लागेल, थांबेल, पुन्हा चालेल आणि एका जागी येऊन हळूच खाली बसेल.